लेसिकचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र. वय 26, जळगावला एमआयडीसीत नोकरी, महिन्याला हातात 34 हजार पगार, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. तापीत पोहणं, कयाकिंग, वर्षातून एकदा तारकर्लीला स्कूबा, सगळं लेन्स लावून. क्लिनिकने चष्मा घालवायच्या स्माइल या लेझर ऑपरेशनचे 95 हजार सांगितलेत, तर 1 लाख 20 हजारांची एफडी मोडू की 24 महिन्यांचा ईएमआय घेऊ? जाता जाता लिहिलंय की नात्यातल्या मामांच्या सांगण्यावरून आयुर्विम्याचा 'गॅरंटीड' प्लॅन घेतलाय, वर्षाला 60 हजार, दोन हप्ते झाले. मामा असंही म्हणतात की हेल्थ पॉलिसी काढ, दोन वर्षांनी डोळ्यांचं ऑपरेशन त्यातच होईल. वडिलांना शुगर आहे, आईवडिलांचा हेल्थ इन्शुरन्स नाही.

भाऊ, पहिलं म्हणजे लेन्स लावून पाण्यात उतरणं आजपासून बंद. नदी, तलाव, स्विमिंग पूल, कुठेच नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सखाली अडकला की बुबुळाला इन्फेक्शन होतं, महिनोन्महिने ट्रीटमेंट चालते आणि कधी कधी नजर जाते. पोहायला नंबरचा गॉगल घ्या, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मिळतो, हजार-दोन हजारात काम होतं. सिलिंड्रिकल नंबर त्यात नसतो पण पोहायला तेवढं चालतं. स्कूबाला हा गॉगल चालत नाही, तिथे नाक झाकणारा मास्कच लागतो, त्यात नंबरची काच बसवून मिळते. कयाकमध्ये चष्मा आणि त्याला मागून घट्ट बँड, बस.

आता मामांचं. हेल्थ पॉलिसीत साडेसातपेक्षा कमी नंबरचं ऑपरेशन कव्हर होत नाही, हे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या स्टँडर्ड शब्दांत प्रत्येक पॉलिसीत छापलेलं असतं. तुमचा साडेपाच. दोन नाही, दहा वर्षं थांबलात तरी दमडी मिळणार नाही, आणि हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने विकूच नये.

आणि तो प्लॅन! 12 वर्षं 60 हजार म्हणजे 7 लाख 20 हजार भरायचे, विसाव्या वर्षी 15 लाख. ऐकायला दुप्पट, हिशोबाने जेमतेम पाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये 7.1 टक्क्याने ठेवले, मुदत वाढवून वीस वर्षं चालवलं, तर 20 लाखांच्या आसपास होतात. कव्हर किती, तर सहा लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर सहा लाखात आईवडिलांचं किती वर्षं भागेल? केळीला भाव पडला त्या वर्षी तर घर तुमच्याच पगारावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय.

तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून सरेंडरचा (पॉलिसी आजच बंद केली तर किती) आणि पेड-अपचा (फक्त हप्ते थांबवले तर शेवटी किती) आकडा लेखी मागा, मामांकडून तोंडी नको. जुन्या हिशोबाने भरलेल्याच्या 30-35 टक्के म्हणजे चाळीसेक हजार येतील, पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरची असेल तर जास्तही मिळू शकतात. ऐंशी हजार गेल्याचं वाईट वाटेल, मलाही वाचताना वाटलं, पण ते वाचवायला अजून सहा लाख घालणं मला पटत नाही. मामांशी नातं ठेवा, हप्ता थांबवा.

सुटलेल्या 60 हजारांतून पंचवीस-तीस हजार आईवडिलांच्या हेल्थ पॉलिसीला. शुगर फॉर्मवर स्पष्ट लिहा, लपवलंत तर ऐन वेळी क्लेम अडकतो. दहा-बारा हजारांत 75 लाख ते एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. उरलेले वीसेक हजार डोळ्यांसाठी.

एफडी मोडायची नाही. वडिलांना एकदा जळगावला ॲडमिट करावं लागलं तर हातात तेवढंच आहे. ईएमआयही नको, 15 टक्क्याने 95 हजारांवर पंधरा हजार व्याज जातं, आणि ही काही उद्याच करायची गोष्ट नाही.

सरेंडरचे पैसे आणि ते वीस हजार मिळून वर्षभरात साठेक हजार होतील. साधं लेसिक (तेही लेझरनेच होतं) त्यात बसू शकतं, स्माइलच हवं असेल तर अजून दोन वर्षं थांबा. तोवर नंबर स्थिर आहे का तेही कळेल, वर्षभर बदलला नसेल तरच करतात. तपासणीआधी लेन्स काही दिवस बंद ठेवावे लागतात, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ निघाला तर लेसिक होत नाही. तसं झालं आणि त्याच टेबलावर कोणी दीड-दोन लाखांचं आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) सुचवलं तर सही न करता घरी या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि ऑपरेशन कुठलंही करा, नंतर साधारण महिनाभर पाण्यात उतरता येत नाही, म्हणून तारीख तारकर्लीच्या ट्रिपनंतरची घ्या.