गुरुजी, शेत गहाण टाकू नका आणि लेकीला अडवूही नका

नमस्कार गुरुजी,

तुमचं तीन पानी पत्र मिळालं. वाचकांसाठी त्यातलं मोजकं सांगते. तुम्ही बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. लेक बी.फार्म. झाली, पुण्यातून एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, केलं आणि गेली दोन वर्षं जिल्ह्यातच टीबीच्या एका प्रकल्पावर काम करते. आता तिला इंग्लंडमध्ये पीएच.डी. करायची आहे. विषय असा, की बाहेरून येऊन राहणाऱ्या लोकांची संसर्गजन्य रोगांसाठी तपासणी कशी करावी, म्हणजे कमी पैशात जास्त लोकांचा आजार टळेल. तुमचे प्रश्न चार. पुढे नोकरी कसली? दोन एकर गहाण टाकावेत का? ती सव्वीस वर्षांची, लग्नाचं काय? आणि पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात: "परदेशात जाऊन आपल्याच माणसांवर रोगी असल्याचा शिक्का मारायचं काम माझ्या मुलीनं का करावं?"

हा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे तीन त्याच्याच पोटात आहेत.

सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्या भारतीयाला इथेच, त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रात, छातीचा एक्स-रे काढून टीबी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तुमच्या लेकीलाही घ्यावा लागेल. एक्स-रेत शंका आली तर बेडक्याचे तीन नमुने, आणि कल्चरचा निकाल यायला दोन महिनेही लागतात. हा झाला दारावरचा पहारा. त्यात सापडतो तो फुप्फुसात जागा झालेला टीबी. पण जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांच्या अंगात टीबीचा जंतू निपचित पडून असतो. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. इंग्लंडमधल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के लोक त्या देशाबाहेर जन्मलेले आहेत, आणि त्यांच्यात भारतात जन्मलेले सर्वांत जास्त. यातले कितीतरी जण विमानतळावर उतरले तेव्हा ठणठणीत होते. आजार वर आला काही वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मूल झाल्यावर.

म्हणून २०१५ पासून तिथल्या टीबी जास्त असलेल्या भागांत दुसरी तपासणी सुरू झाली. १६ ते ३५ वयाचे, गेल्या पाच वर्षांत आलेले आणि टीबी जास्त असलेल्या देशांतले लोक डॉक्टरकडे नाव नोंदवतात, तेव्हा त्यांना रक्ताच्या एका चाचणीसाठी बोलावतात. तिला इग्रा म्हणतात. आपल्याकडच्या माँटू या कातडीवरच्या चाचणीसारखं दोन-तीन दिवसांनी हात दाखवायला पुन्हा जावं लागत नाही, एका फेरीत काम होतं. जंतू निघाला तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्या, आणि आजार बहुतेकदा उगवतच नाही. टीबीची तपासणी आणि उपचार तिथे सगळ्यांना मोफत आहेत, कागदपत्रं असोत वा नसोत.

तुमची शंका तरीही खोटी नाही. २०१७ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेकडून रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा करार झाला होता. खूप विरोध झाल्यावर २०१८ मध्ये तो मागे घेतला. अशा बातमीनंतर कोण उठून रक्त द्यायला जाईल? तपासणीचा शिक्का होऊ द्यायचा नसेल, तर ती आखणाऱ्यांत बोलावणं आलेल्या माणसाच्या बाजूने विचार करणारं कुणीतरी हवं. तुमची लेक तर स्वतःच त्या बोलावण्याच्या यादीत बसेल.

आता या कामात नेमकं काय करतात ते सांगते, कारण "संशोधन" म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा आणि पांढरा कोट आला असणार. इथे बहुतेक काम आकडेमोडीचं आहे. वहीचं पान घ्या आणि हे मांडून बघा, आकडे समजण्यापुरते माझ्या मनाचे आहेत. १०० जणांना पत्र गेलं. ४० आले. त्यातल्या ८ जणांत जंतू सापडला. ५ जणांनी गोळ्या सुरू केल्या, ४ जणांनी पुऱ्या केल्या. आता सरकारकडे थोडे जास्तीचे पैसे आले. महागडी, अधिक अचूक चाचणी घेतली तर ८ चे ९ होतील, आणि शेवटी पदरात पडतील जेमतेम साडेचार. तेच पैसे लोकांना त्यांच्या भाषेत फोन करणाऱ्या एका बाईच्या पगारावर घातले आणि ४० ऐवजी ६० आले, तर १२ सापडतील आणि ६ जण उपचार पूर्ण करतील. गळती चाचणीत कमी आणि वाटेत जास्त असते. ती कुठे आहे आणि बुजवायला किती पैसे लागतील, हे शोधणं म्हणजे ही पीएच.डी.

यापुढचे प्रश्न फार रंगतदार आहेत. सुई एकदाच टोचायची आहे, तर त्याच रक्तातून एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी यांचीही तपासणी करावी का? पत्र, दुभाषी, नर्सचा वेळ हा खर्च चार रोगांत वाटला जातो. कावीळ सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते. पण ज्या देशातून आलेल्यांत ती फारशी नाही, तिथे प्रत्येकाला तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. मग रेघ कुठे ओढायची? २०११ मध्ये ब्रिटनमधले संशोधक डॉ. मनीष पारीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रेघेचा हिशेब मांडला होता. दर लाख लोकांत वर्षाला किती टीबी असलेल्या देशातून आलेल्यांना बोलवायचं? रेघ १५० वर ओढली की भारतीय उपखंडातून येणारे आत येतात. एका आकड्याने कितीतरी जणांचं नाव यादीत येतं किंवा गळतं! तिथे खर्च पटतो की नाही ते ठरवण्याचं मापही आहे. निरोगी आयुष्याचं एक वर्ष पदरात पाडायला किती पौंड लागले, ते पाहतात. कित्येक वर्षं २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च परवडणारा मानला जात होता.

गुरुजी, आता तुमच्या वर्गाकडे या. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या पटावरची किती पोरं गायब होतात? ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोरांसह निघतात ती थेट मार्च-एप्रिलला परततात. टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. गोळ्या नोंदवल्या केजच्या दवाखान्यात आणि माणूस कोपीत राहतो कोल्हापूरकडच्या फडावर. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव दुसरीकडे वळवता येतं, पण त्यासाठी तो कुठल्या कारखान्याच्या टोळीत गेलाय हे कुणाला तरी ठाऊक हवं. तुमच्या लेकीने दोन वर्षं नेमकी हीच माणसं शोधली आहेत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे टीबी तपासण्याचं यंत्र बॅटरीवर चालतं, ते फडावर नेणं परवडेल का, की आशाताईला एक जादा फोन पुरेल? इंग्लंडमध्ये शिकलेला हिशेब या प्रश्नाला जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून ती आपली माणसं सोडून चाललीय असं मला वाटत नाही.

नोकरीचं म्हणाल तर चिंता नको. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणारी एचटीएइन ही यंत्रणा उभी केली, तिला नेमकी अशी माणसं लागतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्था आहेत, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रकल्प आहेत. औषध कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्यांत आरोग्य-अर्थशास्त्राच्या जागा पुण्या-मुंबईतही निघतात आणि पगार चांगला असतो. इंग्लंडमध्येच थांबायचं झालं तर पीएच.डी.नंतर तीन वर्षं काम करण्याचा व्हिसा मिळतो.

पैशांचं मात्र माझं मत पक्कं आहे. पीएच.डी.साठी शेत गहाण टाकायचं नाही. फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देणारी शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. माझ्याकडे येणारा एक मुलगा कर्ज काढून गेला आणि तिसऱ्या वर्षी प्रबंध अर्धा टाकून परत आला. हप्ते अजून वडील भरतात. तिथल्या सरकारी निधीच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांना साधारण ३० टक्क्यांपर्यंतच वाव असतो, म्हणजे स्पर्धा कडक. जागा मिळाली तरी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरते की फक्त तिथल्या विद्यार्थ्याएवढी? मधला फरक लाखोंचा असतो. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, सध्या वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ भरावा लागतो. काही विद्यापीठं तो परत देतात. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही, पण राज्याच्या परदेश शिष्यवृत्ती योजना पीएच.डी.लाही आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, इतरांसाठीही योजना आहेत. समाजकल्याण कार्यालयात एक चक्कर मारा.

लग्नाबद्दल थोडंच. तो निर्णय तिचा. नियम एवढाच सांगते की पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जोडीदाराला सोबत नेता येतं.

तिच्यासाठी एक काम देते. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिकायला आजच सुरुवात करायची, ते फुकट आहे. आणि मार्गदर्शकाला पहिला ई-मेल पाठवण्याआधी एक पान लिहायचं: गेल्या हंगामात तिच्या यादीतले किती रुग्ण ऊसतोडीला गेले, किती सापडले, किती हुकले, आणि एकेकाला शोधायला किती फोन, किती पेट्रोल, किती दिवस लागले. नावं नकोत, फक्त आकडे. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल. ते पान आधी मला पाठवा, आठवड्याभरात दुरुस्त्यांसह परत करते.

आणि गुरुजी, त्या पानातला पेट्रोलचा हिशेब तुम्हीच तपासा, गणित तुमचा विषय आहे.