प्रोस्टेट आणि पुरुषी संप्रेरकांची जनुके: तपासणी करावी का?

वडिलांची प्रोस्टेट वाढलेली आहे, चुलत्यांना त्याच ग्रंथीचा कर्करोग झाला होता, म्हणून एका प्रयोगशाळेचे 'पुरुषी संप्रेरकांच्या जनुकांचे पॅकेज' घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ते घेऊ नये. या जनुकांमुळे आजार कसा चालतो आणि औषधे कशी लागू पडतात हे कळते. पुढे कोणाला काय होईल हे त्यांवरून सांगता येत नाही.

टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये पोहोचल्यावर त्याचे कितीतरी अधिक प्रभावी असे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराचे जनुक म्हणजे एसआरडी५ए२. त्याचे महत्त्व कळले ते डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांमुळे. तेथील काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत, तसेच वाढवले जात आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी बदल होत. ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली या विकराची उणीव हे त्यामागचे कारण दाखवून दिले. या व्यक्तींची प्रोस्टेट मोठेपणीही अगदी लहान राहते. निसर्गाने जे केले तेच गोळीने साधावे, या विचारातून हा विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध आले आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वडिलांना ते सुरू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: सहा महिने ते वर्षभरात पीएसए (प्रोस्टेटच्या तपासणीसाठी रक्तात मोजले जाणारे प्रथिन) जवळपास निम्म्यावर येते, म्हणून अहवालातील २.५ हा आकडा डॉक्टर साधारण ५ असा धरून वाचतात. गोळी चालू असल्याचे न सांगता नव्या डॉक्टरांना अहवाल दाखवला, तर तो फसवा ठरू शकतो.

दुसरे जनुक एआर, म्हणजे संप्रेरकाच्या ग्राहक प्रथिनाचे (ज्याला चिकटून संप्रेरक पेशीवर परिणाम करते). ते एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते, त्यामुळे आपले एआर आईकडून आले आहे. वडिलांचा आजार या वाटेने आपल्याकडे येऊच शकत नाही. (पॅकेजच्या जाहिरातीत हे कोणी छापत नाही.) या जनुकात 'सीएजी' या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते, बहुतेकांत वीस-बावीसच्या आसपास. ती कमी असल्यास कर्करोगाचा धोका अधिक, असे सुरुवातीच्या लहान अभ्यासांत दिसले. मोठ्या अभ्यासांत ते टिकले नाही. एआरचे खरे महत्त्व आजार झाल्यानंतरचे आहे: संप्रेरक रोखणारे उपचार चालू असताना कर्करोगाच्या पेशी याच जनुकाच्या जादा प्रती तयार करतात किंवा त्यात बदल घडवतात आणि अत्यल्प संप्रेरकावरही वाढत राहतात. हे बदल गाठीत होतात, वारशाने येत नाहीत.

आपल्या घराण्यात विचारात घेण्याजोगे जनुक असेल तर ते बीआरसीए२; त्यातील वारशाने आलेल्या दोषामुळे प्रोस्टेट, स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्याचा संप्रेरकांशी थेट संबंध नाही. चुलत्यांना कर्करोग कमी वयात झाला होता का, तो पसरलेला होता का, घरात कोणा स्त्रीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, एवढी माहिती घेऊन जनुकीय समुपदेशकांना भेटावे. त्यांनी सुचवल्यास तपासणी शक्यतो चुलत्यांपासून सुरू करावी, कारण त्यांच्यात दोष सापडला तर इतरांच्या तपासणीत नेमके काय शोधायचे ते ठरते. हा दोष मुलग्यांप्रमाणे मुलींकडेही जातो, त्यामुळे अहवाल आला की बहिणींनाही कळवावे.