देवावर राग येतो, म्हणजे श्रद्धा गेली का?

"मॅडम, वर्ष होत आलं, देवापुढे दिवा लावावासा वाटत नाही. उलट रागच येतो. गळ्यात तुळशीची माळ आणि मनात हे असलं. पाप लागेल का हो?"

हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडून येतो. घटस्फोट झालेली मुलगी विचारते, कंपनी बंद पडल्यावर पन्नाशीतला कामगारही विचारतो. यावेळी विचारणाऱ्या काकू सातारा जिल्ह्यातल्या, वारकरी घरातल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) यजमान हृदयविकाराने अचानक गेले. दोन महिन्यांत मुलाने गावच्या घराला कुलूप लावलं आणि त्यांना पिंपरीच्या फ्लॅटवर आणलं. माणूस गेला आणि पाठोपाठ अंगण, शेजार, संध्याकाळचा हरिपाठही सुटला.

सांत्वनाला आलेल्यांनी काय सांगावं? दहाव्याच्याच दिवशी एका नातेवाइकाने 'बरे जाले देवा निघाले दिवाळे' ऐकवलं. माझं स्पष्ट मत आहे की हा अभंग दुसऱ्याच्या घरात सुतक असताना म्हणू नये. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हेही त्यांनीच लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. 'बरे जाले' म्हणायचा हक्क त्यांचा होता, कारण दिवाळं त्यांचं होतं.

मी काकूंना विचारलं, "एकट्या असताना देवाला काय म्हणता?" बराच वेळ पदराशी चाळा चालला. मग म्हणाल्या, "शिव्या घालते." मी जनाबाईची आठवण काढली. तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त अभंग पाठ असलेल्या काकू पहिल्यांदाच हसल्या. "होय की, ती तर त्याला विठ्याच म्हणते! मग मी बोलणं कुठं टाकलंय? रोज भांडतेच."

श्रद्धेचा प्रश्न तिथे बराचसा सुटला, पण राग उरला होता. तो नेमका कशाचा, हे आम्ही कागदावर मांडलं. देवाच्या खात्यावर काय काय टाकलंय, ते एकेक करून. यजमानांचं जाणं तिथेच राहिलं. त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. पण घराला कुलूप कुणी लावलं? मुलाने. बांगड्या कुणी फोडल्या, कुंकू कुणी पुसलं? भावकीतल्या बायकांनी. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने याच प्रथा बंद करायचा ठराव केला, म्हणजे त्या माणसांनीच ठरवलेल्या आणि माणसांना मोडताही येतात. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही, ना कुंकवाचं ना घराचं."

'देवाची इच्छा' म्हटलं की निर्णय घेणारे मोकळे होतात, आणि ज्याच्यावर निर्णय लादला त्याला भांडायला देवाशिवाय कुणी उरत नाही. मुलावर रागावायचं काकूंना सुचलंही नव्हतं. तो काळजीपोटीच करतोय ना!

ज्यांना असाच राग येतो त्यांनी घाबरू नये. मात्र झोप आणि जेवण बिघडलेलं राहत असेल, महिने उलटूनही रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर थांबूच नका. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मोफत आहे.

काकूंनी आता हिरव्या बांगड्या भरल्यात. कुंकवाचं अजून ठरत नाही. गावच्या घराची किल्ली मात्र त्यांनी मागून घेतली आणि महिन्यातले आठ दिवस तिथे राहायचं म्हणतात. मुलाला ते पटलेलं नाही. रात्रीअपरात्री काही झालं तर काय, हे त्याचं भय खोटं नाही. पुढच्या भेटीला मी त्यालाही बोलावलंय.