दिवस नंतर, आधी रात्री ठरव

अगं पोरी,

तुझ्या पोर्तुगालच्या सहलीचा एक्सेलचा तक्ता बघितला. लिस्बन, ओबिदुश, नाझारे, आवेइरू, पोर्तू, मग थेट खाली अल्गार्व, आणि हे सगळं बारा दिवसांत! ठिकाणं एकाहून एक आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण आत झोपायची-रांधायची सोय असलेली व्हॅन घेऊन निघालं की प्रश्न वेगळे पडतात. रात्री गाडी कुठे उभी करायची, पाणी कुठे भरायचं आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, या तीन गोष्टी जमल्या तर बाकीचं जमतं. म्हणून ‘काय बघायचं’ हा रकाना तूर्तास पुसून टाक आणि तिथे फक्त रात्री लिही.

उत्तरेकडचं काढूनच टाक. लिस्बनहून पोर्तूला चांगली रेल्वे आहे, ते पुढे कधीतरी कर. व्हॅन शोभते ती लिस्बनच्या खालच्या अलेंतेजू प्रांताच्या किनाऱ्यावर. सेतूबालपासून साग्रेशच्या टोकापर्यंत उतर, बास. अंतर फार नाही, घाईचा माणूस ते एका दिवसात संपवेल. तू दहा दिवस घे.

आता कायदा, कारण तुझ्या पत्रातलं ‘समुद्राकाठी वाटेल तिथे गाडी लावून झोपू’ हे वाक्य वाचून मी जरा दचकले. तसले फोटो जुने असतात. २०२१ साली पोर्तुगालने हा नियम कडक केला. संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनारा-आराखड्यात येणाऱ्या पट्ट्यात, नेमून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीत रात्र काढता येत नाही. इतरत्र, पालिकेचा वेगळा नियम नसेल तर, एका पालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास. आणि सीनेशच्या खालपासून तुझा जवळजवळ सगळा किनारा नैऋत्य अलेंतेजूच्या निसर्ग उद्यानात येतो. तिथे पोलीस रात्री-पहाटे येऊन काच वाजवतात आणि दंडाची पावती हातात देतात. गावकऱ्यांचाही राग समजण्यासारखा आहे. वाळूच्या टेकड्यांआड लोकांनी काय काय करून ठेवलं होतं, ते सांगायला नको.

म्हणून प्रत्येक रात्र कॅम्पसाइटवर किंवा व्हॅनसाठीच्या सर्व्हिस एरियात. पोर्तू कोवू, मिलफोंतेश, झांबुजेइरा, साग्रेश, सगळीकडे सोय आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे पुरावे लागतातच, तेव्हा हीच बुकिंग तिथे कामाला येतील. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नकोस.

लायसन्सचं मात्र उद्याच बघायला लाग. नुसत्या आपल्या कार्डावर भागणार नाही, आंतरराष्ट्रीय परवाना काढ. आरटीओतून मिळतो, अर्ज ‘सारथी’ या सरकारी साइटवर, आणि तो वर्षभरच चालतो. तिथे मूळ कार्डही खिशात हवं, कारण परवाना म्हणजे त्याचं भाषांतर. व्हॅन ३,५०० किलोंच्या आतलीच घे, त्यावरची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येत नाही. बऱ्याच कंपन्या वयाची अट घालतात, कुठे २३, कुठे २५, ते पैसे भरण्याआधी विचार. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगून ठेव. गाडी उजवीकडून चालवायची, गिअर उजव्या हाताला, आणि वर सहा मीटरची गाडी. एका वेळी एवढं पुरे. पहिल्या दिवशी विमानातून उतरून तशीच स्टिअरिंगवर बसू नकोस. इथून जाताना विमान बदलावं लागतंच, झोपेचं खोबरं झालेलं असतं. लिस्बनमध्ये एक रात्र काढ, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घे, आणि ती घेऊन आल्फामाच्या गल्ल्यांत शिरायचं मनातही आणू नकोस.

गाडीची उंची मीटरमध्ये चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटव. किनाऱ्यालगतच्या पार्किंगला बऱ्याच ठिकाणी आडवा दांडा असतो. सर्कलमध्ये बाहेरची लेन फक्त लगेच बाहेर पडणाऱ्याची, हा तिथला नियम आहे, नुसती रीत नव्हे.

सेतूबालहून महामार्ग धरू नकोस, त्रोयाची फेरी घे. गाडी बोटीत चढवायची आणि सादू नदीच्या मुखावरून पलीकडे. दाभोळ-धोपावेची फेरीबोट तुला ठाऊक आहे, तोच प्रकार, फक्त तिकीट चांगलंच महाग. पलीकडे थोडं खाली गेलीस की कोंपोर्ता, आणि तिथे चक्क भातखाचरं! पोर्तुगीज माणूस युरोपात सगळ्यात जास्त भात खाणाऱ्यांत मोडतो, आणि त्यातला बराचसा तांदूळ या खोऱ्यात पिकतो. कारोलीनू तांदळाचं पाकीट तिथेच घे, मऊ भाताला उत्तम. ओडोमॉस मात्र घरून ने. भातखाचरं म्हटली की संध्याकाळी डास आलेच.

सीनेशला किल्ल्यापाशी वास्को द गामाचा पुतळा आहे, ते त्याचं गाव. आपण वसईकर, तेव्हा पाच मिनिटं थांबून त्याच्याकडे नीट बघून घे आणि पुढे नीघ. बंदर आणि रिफायनरीच्या शेजारी रात्र काढण्यात अर्थ नाही.

महिना मे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा दुपारपासून असा सुटतो की गाडीचं छत वाजतं, आणि कॅम्पसाइटही गच्च असतात. शिवाय मेमध्ये काबू सार्दांवच्या भूशिरावर पांढरे करकोचे समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करून असतात. समुद्राच्या कड्यांवर ते फक्त याच किनाऱ्यावर घरटी करतात. खाली लाटा फुटतायत आणि वर पिल्लं चोची वासून बसलीयत, ते अर्धा दिवस बघ. काठाजवळ जाऊ नकोस, तिथली माती ठिसूळ आहे. पोहायचं तर जपून. पाणी बर्फासारखं असतं आणि जीवरक्षक बहुतेक ठिकाणी जूनपासून येतात.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. व्हॅनचा संडास म्हणजे खाली सरकणारी वीसेक लिटरची टाकी. बाहेरच्या छोट्या दारातून ती ओढून काढायची आणि ठरलेल्या जागीच ओतायची. आपल्याला पाणी वापरायची सवय, त्यामुळे कागद वापरणाऱ्यांच्या दुप्पट वेगाने ती भरते. तुम्ही दोघी आहात, एक दिवसाआड रिकामी करावी लागेल असं धर. शक्य तेव्हा कॅम्पसाइटचा संडास वापरा, सोबत एक बाटली ठेवा. टाकी धुवायचा नळ वेगळा आणि पिण्याचा वेगळा असतो. पिण्याच्या नळाला स्वतःचा पाइप लावायचा, तिथे पडलेल्या पाइपला हात लावायचा नाही. फोडणी देताना छताची खिडकी उघड, नाहीतर हिंगाचा वास गादीत राहतो आणि गाडी परत करताना साफसफाईचे पैसे अनामतीतून जातात.

अनामतीवरून आठवलं. ताब्यात घेताना छतासकट गाडीचा व्हिडिओ काढ, टायर आणि चाकांच्या कडाही. टोलचं यंत्र बसवलेलं आहे ना ते विचार, नाहीतर बिलं नंतर महिनाभर येत राहतात. आणि परत देताना संडासाची आणि सांडपाण्याची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या आणि डिझेल भरलेलं हवं, त्यासाठी शेवटची रात्र लिस्बनपासून तासाभराच्या आतली ठेव.

तुझी मावशी