दहा दिवसांचा दारूगोळा

(‘विचारा, सांगतो’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आमचे स्तंभलेखक खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. आता निवृत्त.)

प्रश्न : काका, २०१७ साली कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला तेव्हा टीव्हीवर ‘फक्त दहा दिवसांचा दारूगोळा’ हेच चाललं होतं. परवा एका सभेत वक्त्याने पुन्हा तेच वाक्य टाळ्यांसाठी फेकलं. माझा भाचा तोफखान्यात आहे, म्हणून विचारते. खरंच अकराव्या दिवशी तोफा गप्प झाल्या असत्या का?
— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी

उत्तर : नाही, बाई. पण ‘काळजीचं काही नव्हतं’ असंही मी म्हणणार नाही.

अहवालात दारूगोळ्याचे १५२ प्रकार तपासले होते. त्यांतल्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षा कमी होता. ‘प्रकार’ हा शब्द स्टुडिओत पोचेपर्यंत गळून पडला आणि उरला तो एकूण साठाच दहा दिवसांचा. रणगाड्याचा गोळा वेगळा, तोफेचा वेगळा, उखळी तोफेचा वेगळा, सुरुंग वेगळे. एक कमी पडला म्हणून दुसरा संपत नाही आणि एक भरपूर आहे म्हणून दुसऱ्याची जागाही घेत नाही.

‘दिवस’ हाही आपला कॅलेंडरचा दिवस नव्हे. लढाई अगदी ऐन भरात असताना ज्या वेगाने मारा होतो, त्या वेगाचा हा दिवस. असा ४० दिवसांचा साठा असावा असं ठरलेलं होतं आणि २० दिवसांच्या खाली जाणं हा पत्करू नये असा धोका मानला जायचा. निम्म्याहून जास्त प्रकार या २०च्याही खाली होते. मला विचाराल तर खरी बातमी ही होती, पण २० हा आकडा ओरडायला दहाइतका चांगला नाही.

आणि मोजणी कधीची? सप्टेंबर २०१६ची. काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावरचा दहशतवादी हल्ला त्याच महिन्यातला. त्यानंतर लष्कराला तातडीच्या खरेदीचे जादा अधिकार दिले गेले. चर्चा रंगली जुलै २०१७मध्ये. म्हणजे आपण दहा महिन्यांपूर्वीच्या गोदामावर भांडत होतो.

आता ज्यावर कुणी भांडलं नाही ते सांगतो. तोफेचा गोळा म्हणजे एक वस्तू नव्हे. कवच एका ठिकाणी घडतं, त्यात स्फोटक दुसरीकडे भरतात, त्याला नळीतून बाहेर ढकलणारी दारू तिसरीकडून येते. आपल्या विदर्भातच पाहा : अंबाझरीला कवच, भद्रावतीला भराई, भंडाऱ्याला ढकलणारी दारू. आणि गोळ्याच्या टोकाला बसतो फ्यूज. कुठे आणि कधी फुटायचं ते हा फ्यूज ठरवतो. तो नसेल तर गोदाम गोळ्यांनी गच्च भरलेलं असूनही तोफखान्याच्या कामाचं नाही. मोठ्या गोळ्यांच्या बाबतीत फ्यूजचा तुटवडा आहे हे त्याच अहवालात ठळकपणे होतं, २०१५ साली संसदेत मांडलेल्या आधीच्या अहवालातही होतं. त्यावर एखादी गरमागरम चर्चा माझ्या तरी पाहण्यात नाही. फ्यूज समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ‘दहा दिवस’ म्हणायला एक सेकंद.

पक्षांचं म्हणाल तर दोघांनीही आलटून पालटून हेच केलं. मार्च २०१२मध्ये लष्करप्रमुख व्ही. के. सिंग यांनी पंतप्रधान मनमोहन सिंगांना लिहिलेलं पत्र फुटलं. रणगाड्यांकडे शत्रूचे रणगाडे फोडायला आवश्यक दारूगोळा नाही, असं त्यात होतं. तेव्हा संरक्षण मंत्री ए. के. अँटनींवर भाजप तुटून पडला. २०१७ला संरक्षण खातं अरुण जेटलींकडे होतं आणि तुटून पडायची पाळी काँग्रेसची. बाकं बदलली, भाषणं तीच. पत्र फुटलं कसं यावर जेवढी शाई गेली तेवढी पत्रात काय आहे यावर गेली नाही, हे मात्र मला आजही खटकतं.

चुकीच्या मोजणीने काय होतं याचा दाखला तुमच्या-माझ्या लहानपणचा आहे. १९६५च्या युद्धात संरक्षण मंत्री आपले यशवंतराव. शस्त्रसंधीचा दबाव वाढला तेव्हा, लढाई अजून लांबवली तर मोठं यश मिळेल का, असं पंतप्रधान शास्त्रींनी लष्करप्रमुख जनरल चौधरींना विचारल्याचं सांगतात. आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपत आलाय, असा सल्ला त्यांना मिळाला. लढाई थांबली. नंतर हिशेब लागला तेव्हा आघाडीचा जेमतेम १४ टक्के दारूगोळा वापरला गेला होता. शस्त्रसंधी चूक की बरोबर हा वाद मी इथे काढत नाही, त्याला इतरही कारणं होती. पण देशाचा एवढा मोठा निर्णय गोदामाच्या वहीशी बांधलेला होता आणि वही नीट वाचलेली नव्हती. आमच्या खात्यात यावर हळहळणारे जुने लोक मी पाहिलेत.

भाच्याला आशीर्वाद सांगा. आणि पुढच्या सभेत वक्त्याला एवढंच विचारा : कोणता प्रकार, कोणत्या तारखेची मोजणी, आणि फ्यूजसकट की फ्यूजविना? २०१७नंतरचे संरक्षणाचे बरेच अहवाल संसदेत मांडले गेले पण कॅगच्या संकेतस्थळावर आले नाहीत. तेव्हा त्याला उत्तर देणं सोपं जाणार नाही.

प्रश्न : मी पत्रकारिता शिकतो. ‘विरोधकांच्या हाती आयता दारूगोळा’ असा मथळा दिला तर आमच्या मॅडमनी तो कापला. एवढं हळवं व्हायची गरज आहे का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : बातमी कशाची होती ते तू लिहिलं नाहीस आणि सगळं त्यावरच आहे. वीजबिलावरून रण पेटलं असेल तर खुशाल लिही. आमच्या बोलण्यात ‘तोफ डागली’, ‘बार फुसका निघाला’ हे रोजचं आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसांनाही त्याचं काही वाटत नाही.

पण ३१ मे २०१६ला पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेली माणसं स्फोटात गेली. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरल्याचं कारण पुढे आलं. २०१८च्या नोव्हेंबरात तिथेच जुना माल नष्ट करण्याच्या कामात सहा जण गेले, त्यांत बरेचसे आसपासचे मजूर. भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटात २४ जानेवारी २०२५ला आठ कामगार. अशा दिवशी ‘दुर्घटनेने विरोधकांना दारूगोळा’ असं छापलंस, तर तो अंक कामगार वसाहतीतही जातो, एवढं लक्षात ठेव.

आमच्याकडे प्रत्येक धोक्याच्या इमारतीच्या दारावर पाटी असते : आत जास्तीत जास्त किती स्फोटक आणि जास्तीत जास्त किती माणसं. फाटकावर काडेपेटीसाठी झडती. गप्पांमध्येही ‘उडवून देऊ’ असं आत कुणी म्हणत नसे. नियम नव्हता, तोंडात यायचंच नाही. तुझ्या मॅडमचं बरोबर आहे असं मला वाटतं. बातमी वीजबिलाची असेल, तर मात्र त्यांना माझं नाव सांगून भांड.

प्रश्न : आमचं गाव के. के. रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या गोळाबारीच्या सराव मैदानाच्या, जवळ आहे. बांधावर गंजलेला गोळा सापडला. फुटलेलाच असेल ना? भंगारवाला पैसे देतो म्हणतोय.
— एक शेतकरी, अहिल्यानगर

उत्तर : दादा, हात लावू नका. गंजला म्हणजे मेला असं नसतं, उलट जुना फ्यूज जास्त लहरी. त्या भागात भंगारासाठी गोळे उचलून माणसं गेलेली आहेत. पोरं आणि गुरं लांब ठेवा, जागेवर दुरून दिसेल अशी खूण करा आणि ११२ला फोन लावा. पाणी ओतू नका, माती टाकू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. भंगारवाल्याला सांगा, पोलीस येऊन गेले की मग बघू. तो पुन्हा येणार नाही.