हजेरीपट आधी वाच

अनेक आशीर्वाद.

प्रशांत महासागरातल्या ग्वाम या अमेरिकेच्या बेटावर राबलेल्या फिलिपिनो मजुरांवर प्रबंध लिहायला घेतलास, आणि आता विचारतेस, "त्यांना पिळलं म्हणू, की त्यांनी नशीब काढलं म्हणू?" वर दुसरा पेच: ज्या अमेरिकी लष्करी तळासाठी ते राबले, त्याने चामोरोंच्या, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या, जमिनी गिळल्या, मग बाजू कुणाची घेऊ? अगं, बाजूची एवढी घाई कसली? हजेरीपट आधी वाच.

जुलै १९४४ मध्ये जपान्यांकडून बेट परत घेताना अमेरिकेच्या तोफांनी राजधानी अगान्याचा चुराडा केला. सुमाय गाव तर पुन्हा वसलंच नाही. तिथे नौदल बसलं. गोदी, रस्ते, धावपट्ट्या बांधायला माणसं हवी होती. ४ जुलै १९४६ ला फिलिपिन्स स्वतंत्र झाला आणि कालपर्यंत अमेरिकी झेंड्याखाली असलेला सुतार एका रात्रीत परदेशी मजूर झाला. मे १९४७ मध्ये त्याच्या भरतीचा करार दोन सरकारांत झाला. काम तेच, पण अमेरिकनाला एक दर आणि फिलिपिन्समधल्या इलोइलोहून बोटीने आलेल्याला खालचा. हा फरक भाषणांत सापडायचा नाही. हजेरीपट काढ.

अगात गावाजवळच्या या मजुरांच्या छावणीला फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रोहास यांचं नाव मिळालं. आत झोपणाऱ्यांची नावं? तुझे सगळे कागद इंग्रजीत, आणि ती माणसं बोलायची हिलिगायनॉन, इलोइलोकडची भाषा. चार वाक्यं तरी शिकलीस का? नाही ना? इथे मला राग येतो.

मी तरी कोण बोलणारा म्हणा. १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडे घरांच्या कामावर मी साइट इंजिनिअर होतो. बाहेरून आलेले गवंडी, बिगारी. मुकादमाच्या मस्टरवर एक नाव, पुढे 'अधिक सात'. मी सही ठोकायचो. लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते, पाऊस तोंडावर होता. घाई खरी होती, हे मी आजही म्हणेन. पण सात नावं लिहायला असा किती वेळ लागतो? काम संपल्यावर ती रजिस्टरं रद्दीत गेली. मीच घातली.

म्हणून हेका धरतो. त्या फिलिपिनो मजुरांतले किती जण ग्वामवर राहिले, संसार थाटले, चामोरोंचे शेजारी झाले. तुझ्या दोन्ही रकान्यांत ते बसायचे नाहीत.

पुढच्या पत्रात बाजू कळवू नकोस. पाच नावं कळव, आणि प्रत्येकापुढे त्याचा तासाचा दर.