टायरच्या जोडीआधी कार्डाची थकबाकी

एका वाचकाचे पत्र: "माझे वय 31 आहे. चाकणच्या कारखान्यात अभियंता आहे, हातात महिना 58,000 रुपये येतात. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी माझ्यावर अवलंबून आहेत. माझ्या केटीएम आरसी 390 मोटारसायकलसाठी मऊ रबराच्या स्पोर्ट टायरची जोडी 19,000 रुपयांना आणि जास्त टिकणाऱ्या स्पोर्ट-टूरिंगची 14,000 रुपयांना मिळते. क्रेडिट कार्डावर 84,000 थकले आहेत, पण किमान रक्कम नियमित भरतो, म्हणून टायरही कार्डावरच घेईन. बचत खात्यात 20,000 आहेत. शिवाय चार वर्षांपासून महिना 5,000 ची विमा पॉलिसी आहे. 10 लाखांचे संरक्षण, वीस वर्षांनी 22 लाख, म्हणजे बारा टक्के तरी सुटतील. पुढे एकदा शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायची आहे. कोणती जोडी घ्यावी?"

टायरचे उत्तर आधी देतो. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट होऊन झिजेच्या खुणेपर्यंत आला आहे, पण दोन्ही कडांना नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून शाबूत आहेत. गाडी मुख्यतः सरळ रस्त्यावर चालते, हे त्यावरून दिसते. मऊ रबराचा मागचा टायर 11,000 ला घेतला आणि तो 7,000 किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे दीड रुपयाहून अधिक पडतात. 8,000 चा टूरिंग टायर 12,000 किलोमीटर चालला, तर सत्तर पैशांच्या आत. टूरिंग जोडी घ्या, मूळ मापात, म्हणजे पुढे 110/70-17 आणि मागे 150/60-17. बाजूवरच्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दुकानातच वाचा. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. पैसे बचत खात्यातून द्या, आणि याच आठवड्यात द्या, कारण खुणेपर्यंत झिजलेला टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही.

कार्डावर मात्र घेऊ नका. महिना साडेतीन टक्क्यांनी 84,000 वर सुमारे 2,900 रुपये व्याज होते, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून जवळपास 3,450. तुमची किमान रक्कम पाच टक्क्यांनी 4,200 असेल, तर मुद्दल जेमतेम साडेसातशेने कमी होते. शिवाय जुनी थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दोन जोड्यांमधला 5,000 चा फरक हे व्याज दीड महिन्यात गिळते, आणि नियमित भरणा म्हणून तुम्ही त्यातच समाधान मानत आहात, याची मला खरी काळजी वाटते.

त्याहून मोठी चूक पॉलिसीची आहे. वीस वर्षे महिना 5,000 भरून 22 लाख मिळाले, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. बारा टक्के कोणी सांगितले असतील, तर ते साफ खोटे आहे. चाळीस टक्क्यांहून अधिक व्याजाचे कर्ज डोक्यावर ठेवून साडेपाच टक्क्यांसाठी हप्ते भरणे हे नुकसानीचेच गणित आहे. आणि 10 लाख म्हणजे तुमचा दीड वर्षाचाही पगार नाही. मोटारसायकल चालवणाऱ्या, लहान मुलीच्या बापाला एवढे संरक्षण विकणाऱ्याने फक्त आपल्या कमिशनचा विचार केला.

आधी एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. धूम्रपान नसेल, तर तुमच्या वयात वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास हप्ता पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवनविम्यावर जीएसटीही नाही. ट्रॅकवर जाण्याचा बेत प्रस्ताव अर्जात स्पष्ट लिहा, कारण लपवलेली माहिती पुढे दाव्याच्या आड येते.

मग विमा कंपनीकडून जुन्या पॉलिसीचे सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, लेखी मागवा. चार वर्षांत भरलेल्या 2,40,000 पैकी साधारण निम्मे, म्हणजे 1,20,000, परत मिळावेत. निम्मे गेल्याचे दुःख होईल, पण उरलेल्यातून कार्डाचे 84,000 एकरकमी फिटतात आणि 36,000 हाती राहतात. टर्मचा पहिला हप्ता आधी पगार-बचतीतून भरावा लागेल, तो यातून भरून निघतो आणि बचत खात्यालाही आधार मिळतो. पुढे पॉलिसीचे 5,000 आणि कार्डाचे 4,200 असे 9,200 रुपये दरमहा मोकळे होतील. तीन महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत ते आवर्ती ठेवीत टाका. टर्म पॉलिसीचा कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका, त्या काळात तिचा हप्ता आला तर तोही भरा.